मनिलाची लढत : घाम, पापणी आणि उजवा ठोसा

मुष्टियोद्धे मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी व अखेरची लढत १ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपिन्समध्ये, मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीतील अरानेटा कोलिझियममध्ये झाली. १९७१ साली फ्रेझर आणि १९७४ साली अली गुणांवर जिंकले होते, त्यामुळे जागतिक हेवीवेट विजेतेपदाबरोबर जुन्या वैराचाही निकाल लागायचा होता. या लढतीचे वर्णन करताना दोघांच्या जिद्दीचे गोडवे गायले जातात आणि ते रास्तच आहे. मात्र शरीरशास्त्राच्या नजरेने पाहिल्यास निकालात घाम आणि पापणी यांचाही मोठा वाटा दिसतो.

अमेरिकेतील प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत सकाळी ठेवली होती आणि खचाखच भरलेल्या सभागृहात असह्य उकाडा होता. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो, बाकीची उष्णता होऊन शरीरात साठू लागते. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. पण दमट हवेत घाम वाळण्याऐवजी निथळतो, म्हणजे पाणी जाते आणि उष्णता तशीच राहते. अशा वेळी हृदयाला स्नायूंना रक्त पुरवायचे असते आणि अंग थंड राखण्यासाठी त्वचेकडेही वळवायचे असते, तेही घामामुळे रक्तातील पाणी घटत असताना. दोन फेऱ्यांमधला एक मिनिट त्याला पुरत नाही.

फ्रेझरची खरी अडचण डोळ्यांची होती. त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी आधीपासूनच अधू होती आणि अलीच्या माऱ्याने उजवा डोळा सुजून मिटत चालला. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते आणि तिच्याखालील ऊती सैल असतात, त्यामुळे ठोसा व भुवईचे हाड यांच्यामध्ये चिरडलेल्या सूक्ष्म वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्ताला अडवणारे तेथे फारसे काही नसते. कोपऱ्यातले मदतनीस थंडगार धातूचा तुकडा दाबून धरतात तो वाहिन्या आकुंचन पावाव्यात म्हणून. सूज त्याने लांबते, टळत नाही.

दिसलेल्या गोष्टीला साधा प्रतिसाद द्यायलाही माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात आणि वेगवान ठोसा जवळपास तेवढ्याच वेळात पोहोचतो. म्हणून कसलेला मुष्टियोद्धा ठोशाची वाट पाहत नाही, तो प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याची हालचाल वाचतो. अलीचा उजवा हात येत होता तो नेमका फ्रेझरच्या अधू डोळ्याच्या बाजूने. तेराव्या फेरीत फ्रेझरचा दंतरक्षक तोंडातून उडाला आणि चौदाव्या फेरीत अलीचे उजवे ठोसे एकामागून एक बसत गेले. येणारा ठोसा दिसला तर मानेचे स्नायू आधीच ताठ होतात. न दिसलेल्या ठोशाने मात्र डोके झटक्यात फिरते, आणि मेंदूला सर्वाधिक इजा करणारी असते ती हीच गिरकी. पंधराव्या फेरीची घंटा होण्यापूर्वी फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याचा विरोध डावलून लढत थांबवली.