धिंगरीला दुपारचं ऊन दाखवा

लातूर-परभणीकडे सोयाबीनची रास झाली की बांधाला भुसकटाचा ढीग पडतो. थोडं जनावरांपुढे जातं, बरंचसं पेटवून दिलं जातं. याच भुसकटावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) छान येते. भुसकट रात्रभर भिजवायचं, गरम पाण्यातून काढून निथळायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत थरावर थर देत मधेमधे बियाणं पेरायचं. दोन-तीन आठवड्यांत पिशवी आतून कापसासारखी पांढरी होते. ती बुरशीची जाळी. काडातले लिग्निन आणि सेल्युलोज हे चिवट घटक फोडणारी विकरं (एन्झाइम) ती सोडते आणि जे माणसाला कधीच पचलं नसतं, त्यावर खाण्याजोगी धिंगरी उगवते. काही घरांत तिला सामिष समजतात. खरं तर अळिंबी प्राणीही नाही आणि वनस्पतीही नाही, ती बुरशी आहे.

तिच्या गुणांबद्दल बरंच काही सांगितलं जातं. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते ड जीवनसत्त्व. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलसारखा एक पदार्थ असतो, उन्हातले अतिनील-बी किरण लागले की त्याचं ड-३ होतं. अळिंबीत त्याच जागी एर्गोस्टेरॉल असतं आणि त्याच किरणांनी त्याचं ड-२ होतं. तोडणीनंतरही हे घडतं! अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या धिंगरीत ड जवळपास नसतंच. पण तिचे तुकडे करून, खालच्या पापुद्र्यांची बाजू वर ठेवून, दुपारच्या उन्हात अर्धा-एक तास पसरले तर ताज्या १०० ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅमपर्यंत, कधी त्याहून जास्त ड तयार होतं. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण १५ मायक्रोग्रॅम.

ऊन मात्र अकरा ते दोनच्या दरम्यानचं हवं. सकाळच्या कोवळ्या उन्हाचं आपल्याकडे फार कौतुक, पण सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातच शोषले जातात. खिडकीच्या काचेतूनही ते येत नाहीत. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही, तरी अंगभर कपडे आणि घरातलं काम यामुळे अनेक बायांच्या रक्तात ड कमी निघतं. अंडी-मासे वर्ज्य असलेल्या माळकरी घरांत ते ताटातून मिळण्याचे मार्ग मोजकेच. तिथे ही भाजी खरंच उपयोगाची आहे.

प्रथिनांचं कौतुक जरा जपून करावं. वाळलेल्या धिंगरीत २० ते ३० टक्के प्रथिनं असतात हे खरं, पण ताजीत नव्वद टक्के पाणीच असतं. १०० ग्रॅम ताजी खाल्ली तर पोटात जेमतेम तीन ग्रॅम प्रथिनं जातात. तेव्हा वरण सोडू नये. बी-१२साठीही हिच्यावर विसंबू नये.

कोलेस्टेरॉलचं वेगळं आहे. धिंगरीत बीटा-ग्लुकन नावाचे तंतू असतात. ते आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात आणि नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. शिवाय तिच्यात लोव्हास्टॅटिन सापडतं. १९८७ साली अमेरिकेत बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, हेच, फक्त ते दुसऱ्या एका बुरशीपासून मिळवलं होतं. पण धिंगरीतलं त्याचं प्रमाण वाणागणिक आणि काडागणिक बदलतं. म्हणून भाजी जरूर खा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका.

कच्ची मात्र खाऊ नये. तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, शिजवल्याशिवाय नीट पचत नाहीत. तेलावर परतून, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांची पूड) घालून आमटीसारखी केली तर भाकरीबरोबर उत्तम लागते, आणि ड जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारं असल्याने तेल उपयोगीच पडतं.

पिशव्या लावणाऱ्या बचत गटातल्या बायांनी एक जपावं. छत्रीची कड वर वळायच्या आधीच तोडणी करावी आणि खोलीत जाताना तोंडाला मास्क लावावा. पिकलेल्या धिंगरीतून बीजाणूंची बारीक पूड उडते, रोज छातीत गेली तर खोकला आणि दम लागतो. पावसात उकिरड्यावर उगवणाऱ्या छत्र्या मात्र कितीही सारख्या दिसल्या तरी घरात आणू नयेत, विषारी जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.

धिंगरीचा हंगाम सोयाबीन निघाल्यावर, थंडीत. मराठवाड्यातला उन्हाळा तिला सोसत नाही. हिवाळ्यात जास्तीची निघाली तर सांडग्यांसारखी गच्चीवर कडक वाळवून डब्यात भरावी. ड त्यात काही महिने टिकतं, हळूहळू उतरतं, म्हणून पावसाळ्याआधी डबा रिकामा करावा.