चिंतेच्या काळातील ख्रिस्ती प्रार्थना

संकट टळलेले नसतानाही मन थाऱ्यावर राहावे म्हणून ख्रिस्ती कुटुंबांत चालत आलेली प्रार्थना, वचनवाचन आणि मंडळीची, म्हणजे चर्चमधल्या लोकांची, सोबत यांची रीत. तिचा मुख्य आधार बायबलातील फिलिप्पैकरांस पत्र ४:६-७. प्रेषित पौलाने हे पत्र कैदेतून लिहिले. पुढे सुटका की मरण, हे त्याला ठाऊक नव्हते. प्रार्थना, विनंती आणि उपकारस्तुती तो एकत्र सांगतो आणि देवाची शांती मनाचे रक्षण करील असे म्हणतो. संकट टळेलच, असे मात्र तो या ओळींत म्हणत नाही.

सातारा-सांगली भागात या प्रार्थनेला भजनाची जोड आहे. कवी ना. वा. टिळक अखेरच्या वर्षांत साताऱ्यास होते. १९१७ साली त्यांनी तेथे ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला. ख्रिस्ती उपासनेत अभंग रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, तेव्हापासून औषध आणि प्रार्थना इथे शेजारीच नांदत आली.

घरची सायंप्रार्थना १५-२० मिनिटांची पुरते. आधी संथ चालीचे एखादे भजन, मग बायबलाच्या स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र. २३, ४६ आणि १२१ सर्वांच्या परिचयाची. पण मन फारच गांगरले असेल तर स्तोत्र १३ घ्यावे. अवघ्या सहा वचनांत स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा ‘कोठवर?’ असे विचारतो आणि शेवटी त्याच्याच दयेवर भिस्त ठेवतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे. रडगाणे देवापुढे चालते, हे यावरून नवख्याला कळते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा : चिंता नाव घेऊन सांगणे. ‘प्रभू, सर्व ठीक कर’ एवढ्याने मन मोकळे होत नाही. कृष्णाकाठी पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की ‘म्हशी कुठे न्यायच्या, आईला जिना चढवत नाही’ असे नेमके बोलावे. धोक्याची पातळी ४५ फूट. तोवर काय हलवायचे हे बहुधा या बोलण्यातच ठरते. मग त्याच दिवसातल्या दोन-तीन गोष्टींबद्दल आभार, थोडी शांतता आणि सर्वांनी मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना.

चुका बहुतेक ठरलेल्या असतात. चिंता म्हणजे अविश्वास असे सुनावणे ही सर्वांत घातक. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला होता. मधुमेह्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय उपास धरणे किंवा प्रार्थना चालू आहे म्हणून गोळ्या सोडणे यात श्रद्धा नाही, धोका आहे. रात्रभराच्या सभेने आधीच झोप उडालेला माणूस अधिक खचतो. संदेष्टा एलीया मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला भाकर-पाणी दिले, तो झोपला, आणि उठवून पुन्हा जेवू घातले (१ राजे १९). उपदेश केला नाही. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नये, माणसाला एकटे सोडू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मंडळीत प्रार्थनेची विनंती सांगताना आजाराचा तपशील त्या माणसाला विचारूनच द्यावा. एकदा गोष्ट गावभर झाली की तो पुन्हा तोंड उघडत नाही. शस्त्रक्रियेआधी भेटायला गेलेल्या पाळकाने (धर्मगुरूने) किंवा मंडळीच्या वडीलधाऱ्याने खाटेजवळ पाच मिनिटेच थांबावे, एक लहान स्तोत्र वाचावे आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांनी चहा-जेवण घेतले का, ते पाहावे.