डीएनएस बदलल्याने नेट दुप्पट पळतं?

सांगलीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरणारा सल्ला: डीएनएस ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) करा, नेट दुप्पट पळेल.

डीएनएस फक्त साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांतला पत्ता, शोधतो. पुढे फाइल येते ती तुमच्या लाइनवरूनच. ५० एमबीपीएसचा प्लॅन ५०चाच राहतो. आधीचा डीएनएस सुस्त असेल तर पान उघडतानाचा पहिला खोळंबा कमी होतो, त्यामुळे फरक जाणवतो. तो भास नव्हे, पण तो स्पीडही नव्हे.

लॅपटॉप केबलने राउटरला जोडून, बदलाआधी आणि नंतर एकाच सर्व्हरवर स्पीड टेस्ट घ्या. आकडा जवळपास तोच येईल. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ping 8.8.8.8’ (समोरचा सर्व्हर उत्तर देतो का, हे पाहणारी आज्ञा) टाकल्यावर उत्तर येतं, पण साइटच्या नावाने पिंग केलं की नावच सापडत नाही, अशा वेळी मात्र डीएनएस जरूर बदला.