थंडरक्रॅकर

थंडरक्रॅकर : ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या अमेरिकी-जपानी खेळणीमालिकेतील एक दुय्यम खलपात्र. डिसेप्टिकॉन या दुष्ट यंत्रमानवांच्या गटातील निळ्या रंगाचा योद्धा. तो एफ-१५ जातीच्या लढाऊ विमानात रूपांतरित होतो. १९८४ मध्ये मालिका बाजारात आली तेव्हाच्या पहिल्या तुकडीत तो होता आणि आजही त्याची नवी खेळणी निघतात. चाळीस वर्षांच्या या वाटचालीत बराच काळ तो केवळ गर्दीचा भाग राहिला. सेनापती मेगाट्रॉन किंवा त्याचा कपटी उपसेनापती स्टारस्क्रीम यांच्या तुलनेत थंडरक्रॅकरच्या वाट्याला संवाद थोडे आले आणि कथा त्याहून थोड्या. तरीही जाणकार चाहते त्याचे नाव आपुलकीने घेतात. त्याचे कारण त्याच्या खोक्याच्या पाठीमागे छापलेल्या परिचयात आहे.

साचा एक, विमाने तीन

ताकारा या जपानी कंपनीने १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ नावाची खेळणी काढायला सुरुवात केली. त्यातले यंत्रमानव सजीव नव्हते. ती माणसांनी चालवायची यंत्रे होती, आणि प्रत्येकासोबत जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचा, पायात लोहचुंबक असलेला चालक मिळत असे. याच मालिकेत एफ-१५ विमानाचा यंत्रमानव होणारे एक खेळणे होते. हॅसब्रो या अमेरिकी कंपनीने डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या ताकाराच्या दोन मालिकांमधली खेळणी निवडली, त्यांना ट्रान्सफॉर्मर्स हे एकच नाव दिले आणि छोट्या चालकांना रजा दिली. आता यंत्रमानव स्वतःच जिवंत होते, परग्रहावरून आलेले होते. साचा मात्र जुनाच राहिला. त्यामुळे थंडरक्रॅकरच्या पहिल्या खेळण्यातली कॉकपिटची काच उचलली, की आत एक रिकामी खुर्ची दिसते. ज्याच्यासाठी ती घडवली, तो चालक त्या खोक्यात कधी आलाच नाही.

हॅसब्रोने या एका साच्यातून तीन पात्रे काढली : राखाडी-लाल स्टारस्क्रीम, काळा-जांभळा स्कायवॉर्प आणि निळा थंडरक्रॅकर. यात काटकसर होती हे उघड आहे. पोलादी साचा घडवायला मोठा खर्च येतो, प्लास्टिकचा रंग बदलायला फारसा येत नाही. १९८५ मध्ये याच अंगयष्टीला वेगळे पंख जोडून रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज असे आणखी तिघे आले. विमानाचे टोकदार नाक त्यांच्या डोक्यावर शंकूसारखे उभे राहते, त्यामुळे ते चटकन ओळखू येतात. या सगळ्या विमानभावंडांना चाहते ‘सीकर’ म्हणतात.

मूळ खेळण्याची घडण आजच्या मानाने साधी आहे. पंख, शेपटाचे भाग, क्षेपणास्त्रांच्या नळ्या आणि यंत्रमानवाच्या मुठीसुद्धा सुट्या मिळत. विमान करायचे तर मुठी काढून ठेवायच्या, यंत्रमानव करायचा तर पुन्हा बसवायच्या. पोरांच्या हातून सर्वांत आधी हरवत त्या याच मुठी. जुन्या खेळण्यांच्या बाजारात सर्व सुटे भाग असलेला थंडरक्रॅकर आणि मुठी हरवलेला थंडरक्रॅकर यांच्या किमतीत मोठी तफावत पडते, ती यामुळेच.

खोक्याच्या पाठीमागची शंका

एकाच साच्यातून निघालेल्या तिघांना वेगवेगळे जीव द्यायचे काम एका लेखकाकडे आले. हॅसब्रोने पात्रांची घडण मार्व्हल कॉमिक्सकडे सोपवली होती, आणि तिथले संपादक बॉब बुडियान्स्की यांनी १९८३ च्या अखेरीस पहिल्या तुकडीतल्या बहुतेक यंत्रमानवांची नावे आणि स्वभावचित्रे लिहून दिली. हा मजकूर खोक्याच्या पाठीमागे थोडक्यात छापला जाई. शेजारी बळ, बुद्धी, वेग, चिवटपणा, हुद्दा, धैर्य, मारक शक्ती आणि कौशल्य या आठ गुणांचा आलेख असे. हा आलेख लाल नक्षीखाली दडवलेला असे आणि खोक्यातली पारदर्शक लाल पट्टी त्यावर धरली की आकडे वाचता येत. मुले तो परिचय कात्रीने कापून जपून ठेवत.

नावाला शोभेल अशी थंडरक्रॅकरची मुख्य शक्ती म्हणजे गडगडाट. त्याच्या परिचयात म्हटले आहे, की तो हवे तेव्हा, हवा तसा ‘सॉनिक बूम’ घडवू शकतो आणि तो दोनशे मैलांवर ऐकू जातो. वस्तू ध्वनीपेक्षा वेगाने, म्हणजे समुद्रसपाटीला ताशी सुमारे १,२३५ किलोमीटरपेक्षा वेगाने जाऊ लागली, की तिच्यामुळे हवेत उठणाऱ्या दाबाच्या लाटा एकमेकींवर साचतात आणि त्यांचा धक्का जमिनीवर स्फोटासारखा ऐकू येतो. विमान ध्वनीची मर्यादा ओलांडते त्या एका क्षणीच हा आवाज होतो, हा समज चुकीचा आहे. विमान त्या वेगाने उडते तोवर हा धक्का त्याच्यामागून जमिनीवर सतत सरकत राहतो. ज्या गावावरून तो सरकतो त्या गावाला तो एकदाच ऐकू येतो, एवढेच. पन्नास हजार फुटांवरून उडणाऱ्या विमानाचा धक्का साधारण पन्नास मैल रुंदीच्या पट्ट्यात पोहोचतो. थंडरक्रॅकरचे दोनशे मैल ही अर्थात कल्पिताची मुभा. ज्या एफ-१५ चे रूप तो घेतो, ते खरे विमान मॅकडॉनेल डग्लस या कंपनीने बनवले. जुलै १९७२ मध्ये ते पहिल्यांदा उडाले आणि ध्वनीच्या अडीचपट वेग गाठण्याची त्याची क्षमता होती. १९८४ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांसमोर सर्वांत भारी विमान कुठले असेल, तर हेच.

पण अशी शक्ती प्रत्येक यंत्रमानवाला काही ना काही मिळालीच होती. स्कायवॉर्प एका जागी अदृश्य होऊन दुसऱ्या जागी प्रकट होतो, स्टारस्क्रीम शत्रूच्या यंत्रणा बंद पाडतो. थंडरक्रॅकरच्या परिचयातली खरी महत्त्वाची ओळ वेगळीच आहे. जे उडू शकत नाही त्याचा त्याला तिरस्कार वाटतो, असे आधी सांगून झाल्यावर बुडियान्स्की लिहून जातात, की डिसेप्टिकॉनांचा लढा न्याय्य आहे याबद्दल त्याची पूर्ण खात्री पटलेली नाही. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, आणि तरीही तो सोबत्यांबरोबर लढत राहतो.

पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी काढलेल्या खेळण्यावर ही ओळ छापली गेली, याचे मोल मोठे आहे. या मालिकेची जाहिरातच मुळी सज्जन ऑटोबॉट विरुद्ध दुर्जन डिसेप्टिकॉन अशी सरळ होती. छातीवरचे चिन्ह पाहिले, की कोण कुठल्या बाजूचा ते कळे. स्टारस्क्रीमही बंडखोर आहे, पण त्याला सेनापतीची खुर्ची हवी आहे, लढ्याबद्दल त्याला काडीची शंका नाही. स्कायवॉर्पला दुसऱ्यांच्या खोड्या काढण्यात मौज वाटते. थंडरक्रॅकर एकटाच असा, की जो चुकीच्या बाजूला उभा आहे आणि हे त्याला अंधुकपणे कळते आहे. खलनायकांच्या गटातल्या ‘होयबां’ना सहसा मन नसते. त्याला ते दिले गेले.

पडद्यावर

१७ सप्टेंबर १९८४ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या कार्टून मालिकेने मात्र या ओळीकडे जवळजवळ पाठच फिरवली. पहिल्याच भागात दोन्ही गटांना घेऊन ऑटोबॉटांचे अंतराळयान पृथ्वीवर कोसळते आणि सगळे चाळीस लाख वर्षे निपचित पडून राहतात. ज्वालामुखीच्या हादऱ्याने जाग आलेला यानातला संगणक योगायोगाने सर्वांत आधी स्कायवॉर्पला दुरुस्त करतो आणि मग त्याचे सोबती उठतात. थंडरक्रॅकर त्यांच्यात असतो, पुढेही जवळपास प्रत्येक हवाई हल्ल्यात असतो, परंतु कथा त्याच्याभोवती फिरत नाही. त्याला आवाज दिला तो जॉन स्टीफन्सन यांनी. ‘फ्लिन्टस्टोन्स’ या जुन्या कार्टून मालिकेतले खाणमालक मिस्टर स्लेट यांचा आवाजही त्यांचाच. सीकरांची चित्रे एकाच आराखड्यावरून काढली जात असल्याने रंग भरताना अदलाबदल होई, आणि एका दृश्यात निळा असलेला यंत्रमानव पुढच्या दृश्यात काळा होऊन येई. अशा चुकांची मोजदाद चाहते आजही प्रेमाने करतात.

८ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या, नेल्सन शिन दिग्दर्शित अॅनिमेशनपटात थंडरक्रॅकरचे जुने आयुष्य संपले. त्या वर्षीच्या नव्या खेळण्यांना जागा करून द्यायची होती, म्हणून जुनी पात्रे या चित्रपटात घाऊक भावाने मारली गेली. लढाईत घायाळ झालेल्या डिसेप्टिकॉनांना घेऊन, अवकाशयान होऊ शकणारा त्यांचाच सोबती ॲस्ट्रोट्रेन अवकाशात निघतो. भार कमी करण्यासाठी जखमींना बाहेर फेकायचे ठरते. स्टारस्क्रीम संधी साधून मेगाट्रॉनलाही ढकलतो आणि थंडरक्रॅकर त्याच जखमींमध्ये असतो. पुढे ग्रह गिळणारा महाकाय युनिक्रॉन त्यांना गाठतो. युनिक्रॉनचा आवाज ऑर्सन वेल्स यांचा, आणि चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, ऑक्टोबर १९८५ मध्ये, त्यांचे निधन झाले होते. युनिक्रॉन मेगाट्रॉनचा गॅल्व्हाट्रॉन करतो आणि थंडरक्रॅकरच्या देहातून स्कर्ज हा नवा शिकारी घडवतो. त्या वेळी सायक्लोनस हा दुसरा नवा योद्धा नेमका कोणापासून घडला, स्कायवॉर्पपासून की बॉम्बशेल या दुसऱ्या जखमी डिसेप्टिकॉनापासून, यावर चाहत्यांचे वाद अजून मिटलेले नाहीत. स्कर्जबाबत मात्र सहसा वाद होत नाही. स्कर्जच्या वागण्यात थंडरक्रॅकरची कसलीही खूण उरत नाही. खोक्यावरची ती शंका पडद्यावर नीट उमटण्याआधीच पुसली गेली, ही या चित्रपटाची एक हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

पुढे बराच काळ थंडरक्रॅकर हे केवळ एक निळी रंगसंगती म्हणून उरले. ‘आर्मडा’ या एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मालिकेत स्टारस्क्रीमचेच खेळणे निळ्या रंगात काढून त्याला हे नाव दिले. संग्राहकांसाठीच्या ‘मास्टरपीस’ श्रेणीत विमानांच्या आराखड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शोजी कावामोरी यांच्या सहभागातून स्टारस्क्रीम नव्याने घडला, आणि मागोमाग तोच साचा निळ्यात आला. २०१० च्या ‘वॉर फॉर सायबरट्रॉन’ या व्हिडिओ गेममध्ये स्टारस्क्रीम आणि स्कायवॉर्प यांच्या जोडीने थंडरक्रॅकर म्हणूनही खेळता येत असे.

शंका फळाला येते

थंडरक्रॅकरला न्याय मिळाला तो आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेच्या कॉमिकांत. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑल हेल मेगाट्रॉन’ मालिकेत (लेखन शेन मॅकार्थी, मुख्य चित्रे ग्वीदो ग्वीदी) डिसेप्टिकॉनांनी न्यूयॉर्क जिंकलेले असते. दुबळ्या माणसांची कत्तल करण्यात कसला पराक्रम, हा प्रश्न थंडरक्रॅकरला छळू लागतो. शहरावर अण्वस्त्र येते तेव्हा तो ते रोखतो आणि लाखो माणसे वाचतात. याची शिक्षा म्हणून त्याच्यावर गोळी झाडतो तो स्कायवॉर्प, एकाच साच्यातून निघालेला त्याचा जुना सोबती. पंचवीस वर्षांपूर्वी पुठ्ठ्यावर लिहिलेले अर्धे वाक्य इथे पूर्ण झाले.

तो वाचतो, आणि मग जे घडते ते या मालिकेतले सर्वांत अनपेक्षित आयुष्य आहे. पृथ्वीवर लपून राहताना त्याला माणसांच्या दूरचित्रवाणीचे वेड लागते. लेखक जॉन बार्बर यांच्या कथांमध्ये तो कोणत्याही बाजूने लढायचे सोडून पटकथा लिहायला बसतो. त्याच्या पटकथा बाळबोध असतात, पण तो त्या मनापासून लिहितो. त्याच्या सोबतीला बस्टर नावाचे कुत्रे येते, आणि या अवाढव्य योद्ध्याचा जीव त्या इवल्याशा प्राण्यात गुंततो. बस्टर हे नावही जुने. मार्व्हलच्या १९८४ च्या कॉमिकमध्ये ऑटोबॉटांशी मैत्री करणाऱ्या मुलाचे नाव बस्टर विटविकी होते. मरिसा फेअरबॉर्न ही सैनिक स्त्री त्याची माणसांमधली जवळची ओळख बनते. जे उडू शकत नाही त्याला तुच्छ मानणाऱ्या पात्राने जमिनीवरच्या कुत्र्यासाठी जीव टाकावा, हे रूपांतर विमानातून यंत्रमानव होण्यापेक्षा मोठे आहे.

२०१८ मध्ये, ही कथामालिका संपत आली असताना, निघालेल्या एका वार्षिक अंकात तो स्टारस्क्रीमच्या आयुष्यावर चित्रपट काढायला घेतो. एका साच्यातून निघालेल्या दोघांपैकी एक दुसऱ्याची गोष्ट सांगतो आहे, आणि ती सांगताना स्टारस्क्रीम असा का वागला हे समजून घेऊ पाहतो आहे. आयडीडब्ल्यूच्या काळात ज्यांनी वाचायला सुरुवात केली, त्यांच्या मनातला थंडरक्रॅकर हाच : निळा, पंख असलेला, कागदांवर वाकलेला, पायाशी कुत्रे.