पेट्रोल भरल्यावरच गाडी अडते? भेसळीआधी पर्ज व्हॉल्व्ह बघा

टाकी फुल्ल केली, पैसे दिले, सेल्फ मारला आणि गाडी सुरूच होईना. झाली तरी थरथरत, भकभक करत, आरपीएमचा काटा खाली-वर, कच्च्या पेट्रोलचा वास, आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळं एकदम नॉर्मल. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी पहिल्याच सेल्फला सुरू. पुढच्या वेळी पेट्रोल टाकेपर्यंत काही म्हणजे काही तक्रार नाही. आपल्याकडे याचं निदान ठरलेलंच आहे, पंपवाल्याने पाणी घातलं, आणि ई२० आल्यापासून तर इथेनॉलच्या नावाने पण बोटं मोडून होतात.

पण जरा विचार करा, आत्ता टाकीत पडलेलं पेट्रोल इंजिनपर्यंत पोचलंय कुठे? टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) पाइपात जे उभं असतं ते आधीचंच, जुनं. आयडलिंगला छोटी गाडी तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पिते, म्हणजे पहिल्या मिनिटात फार तर पंधरा-वीस मिली. मग नवं पेट्रोल खराब असलं तर गाडी पंपावर नीट सुरू होऊन थोडी पुढे जाऊन रडायला पाहिजे, आणि ती टाकी संपेपर्यंत रडत राहिली पाहिजे. इथे बरोबर उलटं होतंय. त्यामुळे गडबड पेट्रोलात कमी आणि पेट्रोलच्या वाफेत जास्त.

टाकीत पेट्रोलच्या वरची जागा रिकामी नसते, तिथे वाफ भरलेली असते. तुम्ही ३० लिटर पेट्रोल टाकता तेव्हा साधारण तेवढीच वाफमिश्रित हवा बाहेर ढकलली जाते. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने गाड्यांमध्ये ही वाफ गाडीतच अडवायची सोय सक्तीची झाली, आपल्याकडे भरताना बरीचशी नोझलच्या बाजूने सुटते, पंपावर नाकाला कळतंच ते. म्हणून तिकडच्या गाड्यांमध्ये ही तक्रार जास्त ठळक, आपल्याकडे बहुतेक वेळा टाकी फुल्ल केली की दिसते. बाकी उन्हात, ट्रॅफिकमध्ये टाकीत जी वाफ तयार होते ती जाते कोळशाच्या डब्यात, त्याला गॅरेजमध्ये कॅनिस्टर म्हणतात. आत ॲक्टिव्हेटेड कार्बनचे दाणे असतात, आणि या कोळशाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजारेक चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळपास दहा गुंठे! वाफ तिथे चिकटून बसते. नंतर इंजिन गरम झालं की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, एक छोटा व्हॉल्व्ह टिकटिक करत उघड-बंद करतो आणि ती वाफ थोडी थोडी इंजिनमध्ये ओढून जाळली जाते. हाच पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन बंद असताना तो घट्ट बंद पाहिजे.

तो उघडाच अडकला की पेट्रोल भरताना ढकललेली वाफ सरळ इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांमध्ये, जाऊन बसते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेट घेते, त्याच्यापुढे गेली की ठिणगी पडून पण पेटत नाही. त्यात ईसीयूला याचा पत्ताच नसतो, धुरावरून मिश्रण ओळखणारा ऑक्सिजन सेन्सर अजून कामाला लागलेला नसतो त्यामुळे ईसीयू तापमान बघून नेहमीचं पेट्रोल वरून मारतो, आणि गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन पेटतच नाही. जास्तीची वाफ जळून-उडून गेली की इंजिन आपोआप सावरतं.

पंपावरच अडकलात तर ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये असं केलं की सेल्फ मारताना इंजेक्टर बंद राहतात आणि नुसती हवा आत जाते. इंजिनने पकडलं की पाय लगेच उचला, नाहीतर ते बोंबलत सुटेल.

पार्ट बदलायच्या आधी एक बिनखर्चाची टेस्ट आहे, मला तरी ही सगळ्यात भारी वाटते. गाडी चांगली गरम असताना पेट्रोल न भरता टपरीवर दहा मिनिटं चहाला थांबा आणि मग सुरू करा. तिथेही तशीच अडली तर पेट्रोल भरण्याचा काही संबंध नाही, गळका इंजेक्टर किंवा फ्युएल प्रेशर उतरणं असलं काहीतरी शोधा. नुसती भरल्यावरच अडत असेल तर बॉनेट उघडा. पर्ज व्हॉल्व्ह बहुतेक वेळा मॅनिफोल्डच्या आसपास असतो, दोन पाइप आणि दोन पिनचा कनेक्टर. थंड इंजिन सुरू करा, कॅनिस्टरकडून येणारा पाइप व्हॉल्व्हवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या त्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. बोट खेचलं गेलं तर व्हॉल्व्ह लीक आहे. इंजिन गरम होऊ देऊ नका, कारण मग ईसीयू स्वतःच तो उघडतो आणि चांगला व्हॉल्व्ह पण खराब वाटतो. हे मोकळ्या जागेत करा, विडी-सिगरेट लांब, आणि पाइप तोंडाने ओढून बघायचे उद्योग नकोत. गाडीचे एरर कोड वाचणारा स्कॅनर असेल तर पी०४९६ किंवा पी०४४१ कोड दिसू शकतो, पण कोड नाही म्हणून व्हॉल्व्ह ओके असं समजू नका.

क्लीनर मारून काही व्हॉल्व्ह थोडे दिवस चालतात, पण मी तरी सरळ नवा बसवायला सांगेन, काम सोपं आहे. मात्र जुना काढल्यावर तळहातावर हलकेच आपटून बघा. काळे दाणे पडले तर कॅनिस्टर आतून फुटलाय, तोही बदला आणि मधला पाइप हवेने साफ करून घ्या, नाहीतर तेच दाणे नव्या व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतील.

कॅनिस्टरची वाट बऱ्याचदा आपणच लावतो. नोझल ऑटो-कट झाल्यावर "साहेब, राउंड फिगर करू?" म्हणून अजून शंभर-दीडशेचं टाकलं जातं आणि वाफेच्या पाइपातून पातळ पेट्रोल कोळशात उतरतं. भिजलेला कोळसा मग वाफ धरत नाही. हिशोब राउंडच पाहिजे असेल तर भरायच्या आधी रक्कम सांगा, टाकीत जागा ठेवून.

काम झाल्यावर टाकी खाली येऊ द्या, मग ऑटो-कटपर्यंत भरून पाच मिनिटांनी सेल्फ मारा. तरीही भकभक केली तर भिजलेला कॅनिस्टर बघायचा, आणि तोही ठीक निघाला तर इंजेक्टर.