आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार

क्रोन्स रोग व अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहरोगांत रोगग्रस्त भाग काढून टाकल्यावर घ्यावयाचा आहार व त्याला जोडून घ्यावयाची पूरक पोषकद्रव्ये. हे पथ्य सर्वांना सारखे नसते. आतड्याचा कोणता भाग किती लांबीचा काढला, यावर ते ठरते. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदांतील ही नोंद रुग्णाने जन्मभर जपून ठेवावी.

पहिले काही आठवडे सूज उतरेपर्यंत मऊ, कमी चोथ्याचे अन्न थोडे थोडे करून दिवसातून पाच-सहा वेळा देतात : मीठ घातलेली तांदळाची पेज, मुगाचे कढण, मऊ भात, दही, उकडलेले अंडे. सातारा-सांगलीच्या घरांत जेवण म्हणजे भाकरी, त्यामुळे भाताने रुग्णाला ताकद येणार नाही अशी काळजी घरच्यांना वाटते. तथापि या दिवसांत चोथा कमी असणे हेच हिताचे असते. पुढे ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, आधी चतकोर, अशी परत सुरू करता येते. जखम भरण्यासाठी प्रथिने अधिक लागतात. ती शक्यतो अंडी, दही व डाळीतून घ्यावीत आणि भूक फारच मंद असेल तरच प्रथिनांची पावडर जोडावी.

लहान आतडे पोटावर उघडून पिशवी लावली असल्यास (इलिओस्टोमी) पाण्याबरोबर मीठही वाहून जाते. अशा रुग्णाला ‘भरपूर पाणी पी’ असे सांगणे मायेचे असले तरी घातक ठरू शकते, कारण नुसत्या पाण्याने आतड्यातील मीठ आणखी ओढले जाऊन पिशवी लवकर भरते. उसाच्या रसासारख्या गोड पेयानेही तेच होते. पिशवीत दिवसाला दीड-दोन लिटरपेक्षा जास्त द्रव येऊ लागल्यास डॉक्टरांना कळवावे व क्षारसंजीवनीची (ओआरएस) पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी. जत-आटपाडीकडच्या उन्हाळ्यात तर हे मोजमाप रोज ठेवावे. तासगावचे बेदाणे, द्राक्षांची साल, मक्याचे दाणे, ओले खोबरे व अख्खे शेंगदाणे पिशवीच्या तोंडाशी अडकू शकतात. शेंगदाण्याचा बारीक कूट बहुधा सोसतो.

ब-१२ जीवनसत्त्व व पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषले जातात. तेथील २० सेंमी.पेक्षा जास्त भाग काढल्यास ब-१२ची उणीव संभवते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ती उशिरा जाणवते. पायांना मुंग्या येईपर्यंत वाट पाहू नये. अशा वेळी या जीवनसत्त्वाची इंजेक्शने बहुधा कायम घ्यावी लागतात. लोह, ड जीवनसत्त्व व फॉलिक आम्ल यांच्या मात्रा रक्त तपासूनच ठरवतात. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर ते शिरेतून देतात.

लहान आतड्याचा हा शेवटचा भाग गेला, पण मोठे आतडे शाबूत राहिले, तर ऑक्झलेटचे (काही भाज्यांतून येणाऱ्या एका क्षाराचे) मूतखडे होण्याचा संभव वाढतो; अशांनी पालक व बीट बेताने खावे आणि जेवणासोबत दही घ्यावे.