बार्बेलची काठी आणि तिच्यावरचा पौंडाचा आकडा

इंग्लंडमध्ये बार्बेल या नदीतल्या माशासाठी गळाची काठी मागितली की दुकानदार बहुधा १२ फुटी, पावणेदोन पौंडाची काठी पुढे करतो. ट्रेंट नदीवर जाणार म्हणालात तर सव्वादोनची. हे पौंड काठीच्या वजनाचे नव्हेत आणि माशाच्या तर नव्हेतच. ते टेस्ट कर्व्हचे, म्हणजे काठी वाकवायला लागणाऱ्या ओढीचे. मुठीच्या जरा वर हा आकडा छापलेला असतो आणि बऱ्याचदा त्याच्या शेजारीच विजेच्या तारांपासून लांब राहण्याचा इशारा, कारण कार्बनमधून वीज वाहते. इशारा निमूट पाळावा. आकड्याचे मात्र जरा ऐकून घेतले पाहिजे.

फार मागे जायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात टेम्सवर सपाट तळाच्या होडीतून गांडुळांचा सडा टाकून बार्बेल गरवत, त्यासाठी काठी आखूड आणि दणकट असे. तिकडे ट्रेंटवर नॉटिंगहॅमचे लोक लाकडी रीळ आणि हलकी लांब काठी घेऊन तरंगते बूच प्रवाहाबरोबर सोडत. दोन नद्या, दोन रीती. आजही बार्बेलच्या काठीवरून वाद झाला की तो फिरून याच दोन टोकांशी येतो: दांडगाई की हाताचे कसब. १८७८ च्या कायद्याने १५ मार्च ते १५ जून ही मासेमारीबंदी आली आणि नद्यांवर ती अजून टिकून आहे, म्हणून १६ जूनच्या आधी दुकानांत गर्दी.

काठीला आकडा चिकटला तो १९५० च्या दशकात. हर्टफर्डशरमधल्या एका अभियंत्याने कार्प माशासाठी बांबूच्या सहा चिरफळ्या जोडून १० फुटी काठी तयार केली. त्याच घडणीच्या काठीवर त्याने सप्टेंबर १९५२ मध्ये ४४ पौंडांचा कार्प काढला, आणि मग त्याच्या शब्दाला वजन आले. त्याची मोजायची पद्धत साधी होती. मूठ पक्की धरायची, दोरीच्या टोकाला ताणकाटा लावायचा आणि काठीचे टोक मुठीशी काटकोनात येईपर्यंत ओढायचे. त्या क्षणी काटा दाखवील तो टेस्ट कर्व्ह. त्याच्या कार्पच्या काठीचा दीड पौंड, म्हणजे साधारण ६८० ग्रॅम. तिची धाकटी बहीण एव्हन या नावाने विकली जाई. ती सुमारे १ पौंडाची. बार्बेल आणि चब हे मासे गरवणाऱ्यांनी उचलली ती हीच.

या मापाला दोन हिशेब जोडलेले होते. आकड्याला पाचाने गुणा, म्हणजे किती पौंडाचा तंगूस (गळाची दोरी) लावायचा ते कळेल. आणि जितके पौंड तितके औंस वजन आरामात फेकता येईल. दीड पौंडाच्या काठीला साडेसात पौंडाचा तंगूस आणि दीड औंसाचे, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपासचे शिसे. बांबूच्या काळात हे चालून गेले, कारण त्या काठ्या थोड्याफार फरकाने सारख्याच वाकत: टोकापासून मुठीकडे, एकसंध.

माझ्या मते गोंधळाचे मूळ इथेच आहे. काटकोन हे टोकाचे माप आहे, काठीच्या पोटात काय शिल्लक आहे याचे नव्हे. टोकाशी नाजूक आणि खाली ताठ अशी काठी घ्या. तिचे टोक दीड पौंडालाच काटकोनात जाईल, पण खालचा अर्धा भाग जेमतेम हललेला असेल. तिच्यात भरपूर जोर बाकी आहे. दुसरी काठी मुठीपर्यंत वाकणारी, तिच्यावरही दीडच लिहिलेले, पण ती कमानीसारखी झाली आहे आणि द्यायला तिच्याकडे फारसे उरलेले नाही. आकडा एकच, काठ्या दोन जातीच्या. शिवाय ओढ तितकीच असली तरी १२ फुटी काठी मनगटाला १० फुटीपेक्षा जड जाते. हेही त्या आकड्यात दिसत नाही.

त्यात भर म्हणून क्विव्हर टोके. चावा टिपणारी ही बारीक टोके औंसांत मोजतात: १, २, ३. एकाच काठीवर पौंडही आणि औंसही, आणि नवखा माणूस टोकावरचे ३ औंस म्हणजे फेकायचे वजन समजून बसतो.

फायबरग्लासने १९६० च्या दशकात बांबूला दुकानाबाहेर काढले. कार्बन तंतूवरचे काम त्याच दशकात फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात झाले आणि १९७० च्या दशकात त्याच्या काठ्या बाजारात आल्या, सुरुवातीला भलत्या महाग. कार्बनने लांबी परवडू लागली. १२ फूट बांबू दिवसभर हातात धरवत नाही. कार्बन धरवतो, आणि लांब काठी उंच धरली की दोरी प्रवाहात कमी बुडते, काठच्या बोरूवरूनही सुटते. पण कार्बन कसाही घडवता येतो. टोक मऊ, पोट ताठ किंवा याच्या उलट, कारखानदाराला वाटेल तसे. म्हणजे ज्या एकसंध वाकावर तो जुना हिशेब उभा होता, तोच गेला. आकडा राहिला. तो मोजलाच पाहिजे अशी कुणावर सक्ती नाही, आणि दोन कंपन्यांच्या दीड पौंडी काठ्या एकापाठोपाठ हातात घेतल्या की ते लगेच कळते.

दरम्यान नद्याही बदलत होत्या. बार्बेल मूळचा इंग्लंडच्या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांतला. हॅम्पशर एव्हन नदीत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडला गेला आणि १९५६ मध्ये केनेट नदीतले सुमारे ५०० मासे सेव्हर्न नदीत सोडले गेले. तो निर्णय योग्य होता का, यावर आजही दोन तट आहेत. काठीपुरते बोलायचे तर त्याचा परिणाम ठसठशीत आहे. सेव्हर्नचा प्रवाह जोरकस. तिथे आमिषाने भरलेला फीडर तळाला टिकवायचा तर वजन वाढवावे लागले, आणि वजनापाठोपाठ काठ्याही. पुढे पेलेट आणि बॉयली ही गोळ्यांची आमिषे आली, मग मासे बघता बघता मोठे झाले. हॅम्पशर एव्हनवरचा १९३४ चा मासा १४ पौंड ६ औंसांचा होता आणि त्या आकड्याच्या पुढे जायला कित्येक दशके लागली. २००६ मध्ये ग्रेट ऊझ नदीवर २१ पौंड १ औंसाचा निघाला. त्या पट्ट्यातले ते मोठे बार्बेल नंतर गेले. बहुतेक जण पाणमांजरांकडे बोट दाखवतात.

आता सगळ्यांचे डोळे ट्रेंटकडे आहेत, आणि सव्वादोन पौंडाच्या काठ्यांचे कारणही तीच. भरल्या नदीत ४ औंसांचा, कधी ६ औंसांचा फीडर लागतो. जुन्या हिशेबाने त्याला ४ ते ६ पौंडाची काठी हवी. अशी काठी बार्बेलसाठी कुणी वापरत नाही. सव्वादोनवर काम भागते, कारण तिथे लांब फेकायचे नसते. फीडर झुलवून अलगद टाकायचा असतो. हिशेब केव्हाच मोडला आहे, फक्त आकडा छापायचे थांबलेले नाही.

दणकट काठीच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. बार्बेल शेवटपर्यंत झगडतो. आपल्याकडच्या महाशीरलाही इंग्रजांच्या जुन्या नोंदींत बार्बसच म्हटले आहे. तो ज्याने गरवला आहे त्याला बार्बेलचा पहिला हिसका ओळखीचा वाटेल. उन्हाळ्यात पाणी कोमट आणि प्राणवायू कमी, अशा वेळी मासा लांबवर खेळवत बसले तर तो थकून मरतो. बाहेर काढल्यावरही तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरावे लागते, स्वतःहून हातातून सुटेपर्यंत. हलकी काठी म्हणजे खेळाडूपणा, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. पण माशाची काळजी हे सव्वादोनचे समर्थन होत नाही. मुठीपर्यंत वाकणारी दीड पौंडाची काठी आणि १० पौंडाचा तंगूस मध्यम नदीत मासा पुरेसा लवकर आणतात, आणि अगदी जवळ आल्यावर त्याने शेवटची बुडी मारली तर गळ उपटून येत नाही. ताठ काठी नेमकी तिथे दगा देते.

एकाच काठीत चब, टेंच आणि अधूनमधून बार्बेल हवा असेल तर सव्वा पौंडाची, एव्हन आणि क्विव्हर अशी दोन टोके असलेली काठी बघावी. रोच माशासाठी तीही जड. दुकानात काठी जोडून दोरी ओवू देत असतील तर दोरीचे टोक कुणाला तरी धरायला सांगा आणि हळूहळू ओढून बघा, वाक कुठे थांबतो ते. छापलेला आकडा त्यानंतर वाचला तरी चालेल.